बॅन्क्रॉफ्टच्या दप्तरांतील कॅलिफोर्नियो जबान्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणारे स्पॅनिशभाषी लोक, ज्यांस हल्लीं ‘लॅटिनो’ या एकाच नांवाखालीं घालण्याची चाल पडली आहे, ते सर्व अलीकडे तेथें उदरनिर्वाहार्थ आलेले परके लोक होत, असा समज इंग्रजी ग्रंथांच्या द्वारें आपल्याकडेहि रुजलेला आहे. त्याचें निरसन करण्यास नुसता कालानुक्रम पुरेसा आहे. कॅलिफोर्नियांत स्पेनचें पहिलें ठाणें सान दिएगो येथें १७६९ त बसलें. १८२१ त मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर तो प्रांत त्या राज्यांत गेला. आणि १८४६-४८ च्या युद्धानंतर, ग्वादालूपे हिदाल्गो येथें २ फेब्रुवारी १८४८ रोजीं झालेल्या तहानें, तो संयुक्त संस्थानांस मिळाला. तेथील जुनीं स्पॅनिशभाषी घराणीं, ज्यांस ‘कॅलिफोर्नियो’ म्हणतात तीं, आपापल्या गांवींच राहिलीं. हललीं तीं नव्हेत, सरहद्द हलली.

या लोकांनीं आपला इतिहास स्वतः सांगून ठेवलेला आहे. तो जळाला नाहीं, वाळवीनें खाल्ला नाहीं, किंवा रद्दींत विकला गेला नाहीं. तो एका सुव्यवस्थित संग्रहांत सुरक्षित होता, त्याच्या याद्या होत्या, आणि मोठमोठ्या ग्रंथांच्या तळटीपांत त्याचे उल्लेखहि होते. असें असून तो शंभरांवर वर्षें दुर्लक्षित राहिला. हें कसें घडलें, आणि त्यांत संग्राहकाचा, इतिहासकाराचा व भाषांतरकाराचा वांटा किती, हें तपासणें हा प्रस्तुत टीकेचा हेतु आहे.

ह्यूबर्ट हौ बॅन्क्रॉफ्ट (१८३२–१९१८) हा सान फ्रान्सिस्को येथील पुस्तकविक्रेता व प्रकाशक. अमेरिकेच्या पश्चिम भागासंबंधीं मिळेल तो छापील अथवा हस्तलिखित कागद विकत घ्यावा, विकत न मिळेल त्याची नक्कल करवून आणावी, आणि या सामग्रीवरून एक प्रचंड इतिहास सिद्ध करावा, असा त्याचा उद्योग होता. त्याच्या नांवावर ३९ खंड प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं १८८४ ते १८९० या काळांत निघालेले सात खंड एकट्या कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचे आहेत. या सात खंडांसाठीं त्यानें १८७४ पासून आपलीं माणसें गांवोगांव पाठविलीं. त्यांत दोघे प्रमुख होते : एन्रीके चेरूती हा मूळचा इटालियन, आणि टॉमस सॅव्हेज हा हवाना येथें अमेरिकन आईबापांच्या पोटीं जन्मलेला. या दोघांनीं चार-पांच वर्षांत जुन्या अंमलदारांच्या, शिपायांच्या, त्यांच्या विधवांच्या, मिशनांतील चाकरांच्या तोंडून जबान्या उतरून घेतल्या. मारियानो ग्वादालूपे वायेहो व हुआन बाउतिस्ता आल्वारादो यांनीं प्रत्येकीं पांच-पांच भागांचे सबंध इतिहासच सांगितले. शेवटचा मेक्सिकन सुभेदार पीओ पीको यानें १८७७ त आपली हकीकत दिली.

संग्राहक या नात्यानें बॅन्क्रॉफ्टचें ऋण मोठें आहे, व तें प्रथम मान्य केलें पाहिजे. स्पॅनिश व मेक्सिकन अमलांतील सरकारी दप्तर सान फ्रान्सिस्को येथें एकत्र केलेलें होतें. त्याच्या नकला व गोषवारे त्यानें सॅव्हेजच्या देखरेखीखालीं करविले. ते ६३ भाग भरले. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगींत मूळ दप्तर भस्म झालें; बॅन्क्रॉफ्टचा संग्रह मात्र वांचला. आदल्याच वर्षीं कॅलिफोर्निया विश्वविद्यालयानें तो विकत घेतला होता, आणि पुढें तो बर्कली येथें नेण्यांत आला. हे ६३ भाग नसते, तर त्या प्रांताच्या पहिल्या ऐंशी वर्षांचा इतिहास आज बहुतेक कोरा असता. तेव्हां आमचा आक्षेप त्याच्या संग्रहावर नसून, त्या संग्रहाचा जो उपयोग झाला त्यावर आहे.

वायेहोचेंच उदाहरण घेऊं. १८०७ त माँटेरे येथें जन्मलेला हा गृहस्थ उत्तर सरहद्दीचा सेनाधिकारी व सोनोमा गांवाचा संस्थापक. अमेरिकन राज्य यावें अशा मताचा तो होता. तरीहि १४ जून १८४६ रोजीं अमेरिकन बंडवाल्यांच्या एका टोळीनें अस्वलाचें निशाण उभारून सोनोमा घेतलें, तेव्हां त्यालाच पहिल्यानें कैद केलें. पुढें १८४९ त प्रांताची राज्यघटना ठरविणाऱ्या सभेंत ४८ सभासदांपैकीं जे आठ स्पॅनिशभाषी होते, त्यांत तो एक. त्यानें पूर्वीं लिहिलेला इतिहास १८६७ त घरास आग लागून नष्ट झाला होता. चेरूती त्याच्याकडे आला तेव्हां त्यानें आरंभींच अट घातली. आपण सांगूं तें आपल्या रीतीनें व आपल्या सवडीनें. कोणाची घाई वा हुकूम चालणार नाहीं. सांगावयाचा आहे तो आपला इतिहास, विचारणाऱ्याचा नव्हे. ही अट चेरूतीनेंच आपल्या आठवणींत नमूद केली आहे, व तीं टिपणें १९५४ त छापलीं गेलीं. पांच भागांचा हा इतिहास, आणि त्याबरोबर घराण्याचा अफाट कागदपत्रसंग्रह, वायेहोनें बॅन्क्रॉफ्टच्या स्वाधीन केला.

यापुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. बॅन्क्रॉफ्टचा छापखाना घरचा होता. तरी वायेहो, आल्वारादो अथवा पीको यांपैकीं एकाचाहि ग्रंथ त्यानें छापला नाहीं. सात खंडांच्या तळटीपांत त्यांचीं नांवें जागोजाग आहेत. परंतु तीं साक्षीदार म्हणून, ग्रंथकार म्हणून नव्हेत. वाक्य वाक्य सुटें करून तारखेच्या वा नांवाच्या पुराव्यास लाविलेलें आहे, आणि सबंध कथन, ज्या क्रमानें व ज्या रोखानें सांगितलें होतें तें, कोठेंच उरलेलें नाहीं. वायेहोचा ग्रंथ रोझ मरी बीबी व रॉबर्ट सेंकेविच यांच्या परिश्रमानें संपूर्ण इंग्रजींत छापून येण्यास एकविसाव्या शतकाचें तिसरें दशक उजाडावें लागलें. सांगितल्यापासून जवळजवळ दीडशें वर्षें गेलीं.

कर्तृत्वाविषयींची ही बेफिकिरी केवळ कॅलिफोर्नियो लोकांपुरतीच नव्हती, हेंहि न्यायास धरून सांगितलें पाहिजे. सात खंडांपैकीं मोठा भाग बॅन्क्रॉफ्टचा ग्रंथपाल हेन्री ओक यानें लिहिला. मुखपृष्ठावर त्याचें नांव नाहीं. म्हणून त्यानें १८९३ त स्वतंत्र पुस्तिका छापून आपला हक्क जाहीर केला. फरक इतकाच कीं, ओकला पुस्तिका छापतां आली. सोनोमा किंवा सान्ता बार्बारा येथील म्हाताऱ्यांना ती सोय नव्हती.

यावर एक सबळ उत्तर संभवतें. बॅन्क्रॉफ्टपक्षीय म्हणतील कीं, या जबान्या प्रसंगानंतर तीस-चाळीस वर्षांनीं सांगितलेल्या आहेत. त्यांत तारखांचे घोटाळे, स्वतःची बढाई व शत्रूची निंदा भरपूर आहे. समकालीन दप्तराशीं ताडून पाहिल्याखेरीज त्यांवर विसंबूं नये, हा नियम इतिहासकारानें पाळला तर त्याचें काय चुकलें? आमच्या वाचकांस हा वाद परिचित आहे. बखर श्रेष्ठ कीं अस्सल पत्र श्रेष्ठ, यावर आपल्याकडे बहुत शाई खर्च झालेली आहे. अस्सल पत्रापुढें उत्तरकालीन बखरीनें हार खावी, हें आम्हीहि मानतों. परंतु हा नियम एकाच प्रश्नापुरता खरा आहे : अमुक गोष्ट अमुक दिवशीं घडली कीं नाहीं. बखर ज्या काळीं लिहिली गेली त्या काळाचा ती स्वतःच अस्सल कागद असतो. १८३६ च्या घडामोडींसाठीं आल्वारादोची जबानी दुय्यम असेल; १८७६ त त्याच्यासारख्या माणसास काय सलत होतें, यासाठीं तीच अव्वल दर्जाचें साधन आहे. बॅन्क्रॉफ्टनें पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारलाच नाहीं.

आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर लहान नाहीं. सोनें सांपडल्यानंतर चारच वर्षांत प्रांताची वस्ती दोन लाखांवर गेली, व जुने रहिवासी त्यांत बुडून गेले. १८५१ च्या जमीनविषयक कायद्यानें स्पॅनिश व मेक्सिकन सनदांचे मालक वादी ठरले : आपली जमीन आपलीच आहे हें त्यांनींच, परक्या भाषेच्या पंचांपुढें, शाबीत करावयाचें. एकंदर ८१३ दावे दाखल झाले. शेवटचा हक्कलेख हातीं येण्यास सरासरीनें १७ वर्षें लागलीं. तोंपर्यंत वकिलाची फी, सावकाराचें व्याज आणि बिनपरवाना घुसलेले वसाहतवाले यांनीं बहुतेक जमीन खाऊन टाकलेली असे. जो निकाल जिंकला तोहि भिकेस लागला, अशीं उदाहरणें पुष्कळ आहेत. वायेहोचा सोस्कोल येथील दावा वरिष्ठ न्यायालयानें १८६२ त फेटाळला. १८४९ च्या राज्यघटनेनें सर्व कायदे स्पॅनिशमध्येंहि छापण्याची हमी दिली होती. १८७९ च्या नव्या घटनेंत ती हमी राहिली नाहीं. म्हणजे या जबान्या ज्या चार-पांच वर्षांत उतरल्या गेल्या, तीं त्या भाषेच्या राजमान्यतेचीं अखेरचीं वर्षें होत. अशा वेळीं सांगितलेली हकीकत म्हणजे फावल्या वेळच्या आठवणी नव्हेत. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांत जे करीने लिहून दिले जात, त्यांच्या जातीचा हा लेख आहे : आम्ही कोण, येथें केव्हांपासून, काय केलें, आणि आमच्याकडून काय व कसें गेलें. करीना हा करीना म्हणूनच वाचला पाहिजे. त्यांतून फक्त तारखा वेंचणें म्हणजे फिर्याद वाचून तिच्यांतील पत्ता तेवढा टिपून घेणें होय.

आतां कांहीं जबान्या जवळून पाहूं. वायेहोची बहीण रोसालिया हिची जबानी चेरूतीनें जून १८७४ मध्यें घेतली. सोनोमा घेतलें त्या दिवशींची हकीकत ती सांगते. ज्यांस पुढें वीर म्हणून मिरविण्यांत आलें ते लोक तिच्या दृष्टीनें फाटक्या वेषांतले लुटारू होते. कॅप्टन फ्रेमाँटनें घरें जाळण्याची धमकी देऊन तिच्याकडून पत्र लिहवून घेतलें, आणि तिच्या घरांतील एक इंडियन मुलगी आपल्या अधिकाऱ्यांसाठीं मागितली. ती तिनें कशीबशी वांचविली. त्या लोकांविषयींचा तिटकारा इतका, कीं अठ्ठावीस वर्षांत आपण त्यांची भाषा शिकलों नाहीं, असें ती बजावून सांगते. आणि गंमत अशी कीं, ही जबानी आज आपल्या हातीं येते ती इंग्रजींत! आईचें बोलणें मुलीनें उलगडून सांगितलें, व चेरूतीनें तें इंग्रजींत उतरविलें. ज्या भाषेचा तिनें त्याग केला त्याच भाषेंत तिचा त्याग नमूद आहे. तिचे मूळचे स्पॅनिश शब्द कोणते होते हें शोधण्यास आज मार्ग नाहीं. लेखनिक एक वाक्य मूळ भाषेंत जसेंच्या तसें टिपता, तर त्याची किंमत आजच्या सबंध पानापेक्षां अधिक झाली असती.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण येथें मूळ शाबूत असून भाषांतरानें घात केला. आंगुस्तियास दे ला गेर्रा हिनें १८७८ त सॅव्हेजला आपल्या काळच्या घडामोडी स्पॅनिशमध्यें सांगितल्या. अमेरिकनांनीं देश घेतला हें कॅलिफोर्नियो लोकांस मुळींच रुचलें नाहीं, आणि बायकांस तर त्याहूनहि नाहीं, असें तिचें म्हणणें मुळांत स्पष्ट आहे. १९५६ त छापलेल्या इंग्रजी भाषांतरांत याचा अर्थ नेमका उलटा झाला : त्या घटनेचें कॅलिफोर्नियो लोकांस कांहीं वाटलें नाहीं, व बायकांस तर सर्वांत कमी! अनेक वर्षें इंग्रजी वाचक हेंच तिचें मत समजत राहिले.

ही केवळ व्याकरणाची चूक नव्हे. नकाराचा शब्द चुकून वाचला जाणें कोणाच्याहि हातून घडेल; पण तो चुकीचा अर्थ संदर्भाशीं जुळतो काय, हें पाहण्याचें काम संपादकाचें असतें. त्याच जबानींत ही बाई सांगते, कीं अमेरिकन शिपाई ज्याच्या पाठीवर होते अशा होसे आन्तोनिओ चावेस नांवाच्या कॅलिफोर्नियो अधिकाऱ्यास तिनें आपल्या घरीं आश्रय दिला. ती नुकतीच बाळंत झालेली असून, त्याला पांघरुणांच्या गुंडाळ्याखालीं लपवून वर तान्हें मूल ठेविलें. आणि झडती घेणारे परत गेले. राज्य बदलल्याचें ज्या बाईस कांहींच वाटलें नाहीं, ती बाळंतिणीच्या खोलींत फरारी माणूस कशास दडवील? ही विसंगति संपादकांच्या ध्यानांत आली नाहीं, याचें कारण आमच्या मतें हेंच, कीं जेत्यांच्या इतिहासानें जें उत्तर अपेक्षित ठरविलें होतें तें त्यांस या चुकीच्या वाक्यांत आयतें मिळालें. मात्र दुसऱ्या बाजूसहि अतिशयोक्ति नको. त्याच ठिकाणीं, प्रांत अंतःकलहानें नाशाच्या मार्गास लागला होता, हेंहि ती मोकळेपणानें कबूल करते. तिचें मत दुहेरी आहे, व म्हणूनच तें विश्वसनीय आहे.

घराण्याचा बडेजाव नसलेल्या दोन स्त्रियांचा उल्लेख केल्यावांचून हें प्रकरण पुरें होणार नाहीं. एउलालिया पेरेस ही सान गाब्रिएल येथील मिशनची किल्लेदारीण, म्हणजे कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेला असत अशी कारभारीण. सॅव्हेजनें १८७७ त तिची जबानी घेतली तेव्हां तिचें वय १३९ सांगत. हा आंकडा अर्थातच विश्वासार्ह नाहीं. पण लोकांचें कुतूहल त्या आंकड्यावरच खिळलें. जबानींत मात्र निराळाच ऐवज आहे. तीन बायकांची स्वयंपाकाची परीक्षा होऊन आपण कशा निवडल्या गेलों, शिधा कसा वांटावयाचा, कपडे बेतून कसे द्यावयाचे, साबण व तेल यांच्या कामावर देखरेख कशी, याचा तिनें पाढा वाचला आहे. मिशनें म्हणजे पाद्री व त्यांच्या प्रार्थना एवढेंच चित्र ज्यांच्यापुढें आहे, त्यांनीं ही जबानी वाचावी. एका मोठ्या कारखान्याचा हिशेब आंतून कसा दिसतो तें कळेल.

आपोलिनारिया लोरेन्साना ही अनाथालयांतील मुलगी. १८०० त इतर पोरक्या मुलांसह मेक्सिकोहून जहाजानें आली, आणि पिलें वांटावीं तशीं हीं मुलें घरोघर वांटलीं गेलीं, असें ती म्हणते. लिहिणें ती स्वतः शिकली. हातीं येईल तो कपटा, विडीचा टाकून दिलेला कागददेखील, घेऊन त्यावर अक्षरें गिरविलीं. पुढें तिनें मुलींस वाचावयास शिकविलें व सान दिएगोच्या मिशनांत रोग्यांची शुश्रूषा केली. मेक्सिकन अमलांत तिला जमिनी मिळाल्या, अमेरिकन अमलांत त्या गेल्या. खामाचाची जमीन आपण कोणास विकली नाहीं एवढें ती सांगते. गेली कशी, याचा तपशील सांगण्यास ती राजी नाहीं. हें मौनहि जबानीचाच भाग आहे. इतिहासाच्या तळटीपेंत मौन उतरत नाहीं. तें पुऱ्या मजकुरांतच दिसतें.

तथापि या जबान्यांचे कैवारी कधीं कधीं जें विसरतात तेंहि सांगणें प्राप्त आहे. कॅलिफोर्नियो लोक स्वतः निर्मळ फिर्यादी नव्हते. ज्या भूमीविषयीं ते शोक करतात ती त्यांच्या आधीं इंडियन जमातींची होती, आणि त्यांच्या वाड्यांतील व कुरणांतील श्रम बहुतांशीं इंडियनांचे होते. त्याच दप्तरांत होसे मारिया आमादोर याची १८७७ ची जबानी आहे. तिच्या पोटांत लोरेन्सो आसिसारा या सान्ता क्रूस मिशनमधील इंडियनाचें कथन अंतर्भूत आहे. १८१२ त तेथील पाद्री किंताना याचा इंडियनांनीं वध केला, तो कां व कसा, हें त्यानें आपल्या बापाच्या तोंडून ऐकल्याप्रमाणें सांगितलें. बॅन्क्रॉफ्टच्या ग्रंथांत आमादोर जसा तळटीपेंत गेला, तसा आमादोरच्या जबानींत आसिसारा गेलेला आहे. दुर्लक्षिताच्या पोटांत आणखी एक दुर्लक्षित असतो, हें संशोधकानें विसरूं नये.

अलीकडील अभ्यासांत हेनारो पादिया (१९९३) व रोसाउरा सान्चेस (१९९५) यांनीं या जबान्यांस स्वतंत्र वाङ्मय म्हणून प्रथम मान दिला. पादिया यांस मध्यस्थाचें भान आहे. परंतु त्यांनीं योजिलेलें ‘आत्मचरित्र’ हें नांव आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं, कारण त्या नांवानें लेखनिकाचा हात नजरेआड होण्याचा संभव राहतो. सान्चेस यांनीं या कथनांत एका समाजाचा सामुदायिक आवाज पाहिला, तें अधिक सयुक्तिक दिसतें. बीबी व सेंकेविच यांचें २००६ चें ‘टेस्टिमोनिओस’ हें तेरा स्त्रियांच्या जबान्यांचें पुस्तक आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटलें. त्यांत प्रत्येक बाईची जबानी पुरी दिलेली असून, तिच्या आरंभीं ती बाई कोण व कोणत्या परिस्थितींत बोलली हें सांगितलें आहे. बॅन्क्रॉफ्टनें तोडलेले तुकडे येथें पुन्हां सांधले गेले.

या प्रकरणापासून हस्तलिखितें जमविणाऱ्यांस घेण्यासारखा धडा साधा आहे. तोंडी हकीकत उतरून घेतांना चार गोष्टी त्याच कागदावर नमूद व्हाव्या : सांगणारा कोण, उतरणारा कोण, कोणते प्रश्न विचारले, आणि बोलणें मूळ कोणत्या भाषेंत झालें. संग्रह छापतांना निदान एक प्रत अखंड, सांगणाऱ्याच्या नांवानें छापावी, तळटीपा त्यानंतर. आपल्या गांवोगांवच्या जुन्या घराण्यांतून मिळविलेल्या कैफियती व करीने यांपैकीं कितीकांवर या चार गोष्टींची नोंद आहे, हें प्रत्येक संग्राहकानें आपल्या पेटाऱ्यांत एकदां पाहावें. जेथें नोंद नाहीं व सांगणारा अद्याप हयात आहे, तेथें ती आजच करून ठेवावी.